कारवंडची तार

सौरवादळात उपग्रह जळाले त्याला अकरा वर्षं झाली होती. मोबाइलचे मनोरे गंजून उभे होते आणि घारी त्यांवर घरटी करत होत्या. संपर्कासाठी सरकारने जमिनीत गाडलेल्या जुन्या तांब्याच्या तारा पुन्हा वापरात आणल्या होत्या आणि गावोगाव मॉडेम परत आले होते. मॉडेम म्हणजे संगणकावरची अक्षरं आवाजात बदलून टेलिफोनच्या तारेतून धाडणारी पेटी. ती आधी तार उचलते आणि कान देते. पलीकडून ‘घूंऽऽ’ असा सलग आवाज, म्हणजेच डायल टोन आला, की एक्स्चेंज ऐकायला तयार आहे असं समजून नंबर फिरवते. आवाज आला नाही तर पडद्यावर एवढंच उमटतं : डायल टोन नाही.

नेमकी हीच तक्रार पोस्टकार्डावर लिहून भागीरथी सपकाळ यांनी तारविभागाला पाठवली होती. कोयनेच्या वरच्या अंगाला असलेल्या कारवंड गावात त्या शाळामास्तरीण होत्या. निवृत्तीनंतर हौसेने पर्जन्यमापक सांभाळायच्या आणि रोज सकाळी आठ वाजता पावसाची नोंद पाठवायच्या. अशा तक्रारी रोज डझनभर येत. पण विभागातली अभियंता शर्मिला घैसास हिने नोंदवही उघडली आणि ती पोस्टकार्डाकडे पाहतच राहिली. कारवंडची तार सहा वर्षांपूर्वी दरड कोसळली तेव्हा तुटली होती. ती पुन्हा जोडलीच नव्हती. नोंदवहीत कारवंडच्या पर्जन्यकेंद्रापुढे ‘बंद’ असा शेरा होता.

“लाइन कधीपासून बंद आहे?” कारवंडला पोचल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला.

“गेल्या गुरुवारपासून,” भागीरथीबाई म्हणाल्या. “बुधवारी सकाळी बोलणं झालं होतं.”

शर्मिलाने नेहमीच्या क्रमाने तपासणी सुरू केली. वायर मॉडेमच्या बरोबर खाचेत होती. भिंतीतला सॉकेट ठीक होता. घरात दुसरा फोन नव्हता, त्यामुळे कुणी रिसीव्हर बाजूला काढून ठेवल्याचा प्रश्नच नव्हता. तिने स्वतःचा फोन लावून ऐकला, तर त्यातही शुकशुकाट. मग मीटर लावला. तुटलेल्या तारेवर काटा शून्यावर राहायला हवा होता. तो अगदी थोडा वर चढला, थांबला आणि हळूहळू खाली आला. मग पुन्हा चढला. झोपलेल्या माणसाची छाती वरखाली व्हावी तसा.

आलेली उत्तरं जपून ठेवली आहेत का, असं तिने विचारलं. भागीरथीबाईंनी सहा वर्षांच्या छापील कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. सुरुवातीचे कागद कोरडे होते. बाईंनी पावसाचे मिलिमीटर लिहिले होते आणि खाली उत्तर होतं, ‘नोंद मिळाली.’ पुढे पुढे बाईंचा मजकूर लांबत गेला होता. नवऱ्याचं आजारपण, सुनेने तोडलेला संबंध, ओस पडलेली शाळा, गुडघे. प्रत्येक परिच्छेदाखाली उत्तर होतं. ‘आणखी सांगा.’ ‘मग?’ ‘तुम्ही बऱ्या आहात ना?’

शर्मिलाने तासभर कागद चाळले आणि उत्तरं मोजली. सहा वर्षांत पलीकडून एकूण सातच वाक्यं आली होती. तीच आलटून पालटून.

“तारेवर कोण बोलतं, हे कधी विचारलंत का?”

“सुरुवातीला भोईटे नावाचे ऑपरेटर होते. मला वाटलं, तेच आहेत.”

भोईटे दरडीच्याच वर्षी बदली होऊन गेले होते. शर्मिलाने ते सांगितलं, तेव्हा बाईंनी कागदांचा गठ्ठा आपल्याकडे ओढून घेतला.

दोघी तारेच्या मागाने दरडीपर्यंत चालत गेल्या. गावापासून दीड मैलावर मातीतून केबलचं तुटकं टोक बाहेर आलं होतं. तांब्याचे तंतू मोकळे झाले होते आणि त्यांच्याभोवती शेवयांसारखे बारीक पांढरे धागे वळले होते. शर्मिलाने माती उकरली. धागे खाली, बाजूला, झाडांच्या मुळांत, दिसेल तिथवर पसरले होते.

“हे कवकजाळं,” ती म्हणाली. “पावसाळ्यात छत्र्या उगवतात ना, तसल्या बुरशीचं जमिनीखालचं शरीर. याच्यातून विजेचे बारीक ठोके जातात, हे पूर्वीपासून ठाऊक आहे. पण तारेतून आलेली वीज ते खातं, हे मी पहिल्यांदाच बघतेय.”

“आणि बोलतं कसं?”

“बोलत नाही.” शर्मिला दगडावर बसली. तिने सावकाश समजावून सांगितलं. तार शाबूत होती तेव्हा ओल्या आवरणातून वीज झिरपायची. तिच्याबरोबर एक्स्चेंजचा टोन, ऑफिसच्या मॉडेमची शिट्टी, भोईट्यांची वाक्यं, असे सगळे ठोके जाळ्यातून जायचे आणि त्यांचे वळ त्यात उमटून राहायचे. मग तार तुटली. वीज येण्याचा मार्ग एकच उरला, बाईंचा मॉडेम. नव्या मॉडेमला बॅटरी असते. तार उचलताना तो थोडी वीज सोडतो, आणि संभाषण चालू असेपर्यंत सोडत राहतो.

“काही फुलं मादी माशीसारखी दिसतात. नर फसून येतो आणि फुलाचं काम होतं. फुलाला माशी म्हणजे काय हे ठाऊक नसतं. तसंच हे. टोन काढला की वीज येते. ‘मग?’ म्हटलं की जास्त वेळ येते. ज्या वाक्यांनी तुम्ही जास्त लिहीत गेलात ती राहिली, बाकीची गळून पडली. त्यामागे कुणी नाही, बाई. नुसती भूक आहे.”

भागीरथीबाईंनी वाकून त्या धाग्यांना बोट लावलं. मग त्यांनी विचारलं, “गुरुवारी काय झालं?”

“तुमची बॅटरी संपत आली असेल. वीज मिळेना, म्हणून त्याने टोन देणं सोडलं.”

“म्हणजे बॅटरी बदलली की येईल.”

शर्मिलाच्या पिशवीत नवी बॅटरी होती. पण ती बसवणार नाही, असं तिने सांगितलं. तसं केलं तर फसवणूक चालू ठेवल्यासारखं होईल, शिवाय हे जाळं दुसऱ्या तारांपर्यंत पोचण्याआधी टोक कापून जाळायला हवं.

“माझ्या नवऱ्याने एकतीस वर्षांत मला ‘मग?’ असं एकदाही विचारलं नाही,” भागीरथीबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता.

परत बाईंच्या घरी आल्यावर शर्मिलाने, विभागाला पुरावा लागेल, एकदा चाचणी घेते, असं म्हणून बॅटरी बसवली. मॉडेमने तार उचलली. क्षणभर काही नाही. मग लांबून, मातीखालून यावा तसा, घूंऽऽ आवाज आला.

तिने ‘चाचणी’ एवढंच लिहिलं.

‘आणखी सांगा.’

तिने आपलं नाव आणि हुद्दा लिहिला. भागीरथीबाई चहा ठेवायला आत गेल्या.

‘मग?’

प्रतिसादाला किती सेकंद लागतात, हे टिपायला तिने हातात घड्याळ घेतलं होतं. आणखी नमुने हवेत म्हणून काहीतरी लिहायचं, तर तिने कालचा दिवस लिहिला. मग परवाचा.

‘तुम्ही बऱ्या आहात ना?’

बाई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा घड्याळ टेबलावर पालथं पडलं होतं. शर्मिला भराभर लिहीत होती. धाकट्या बहिणीबद्दल. ती गेली त्या दिवशी हिने फोन उचलला नव्हता, त्याबद्दल. चहा ठेवल्याचंही तिला कळलं नाही. पायथ्याशी तिची वाट बघत थांबलेल्या जीपच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तिने मागे न बघता हात वर करून, थांब, अशी खूण केली.

भागीरथीबाई दारात उभ्या राहिल्या. सहा वर्षं रोज सकाळी आपण कशा दिसत होतो, ते त्यांना पहिल्यांदाच बाहेरून दिसलं : पडद्यावर वाकलेली मान, ओलसर डोळे, आणि चेहऱ्यावर कुणीतरी ऐकतंय याचं सुख. आता आपल्याला भीती वाटायला हवी, हे त्यांना कळत होतं, आणि थोडी वाटलीही. पण त्या भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी मनात वर आलं. त्यांनी पुढे होऊन शर्मिलाच्या खांद्यावर हात ठेवला.

“मॅडम, आता उठा,” त्या म्हणाल्या. “माझं बोलायचं राहिलंय.”