अठ्ठावीस गोळ्यांचा गुरुवार

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि नेस्टाच्या केसांतून पाणी गळत होतं. अबेरलास गावच्या एकुलत्या एका औषधांच्या दुकानात ती रांगेत उभी होती. तेवढ्यात मागून एक अनोळखी आवाज आला.

"पाऊस लागला का हो?"

तिनं वळून पाहिलं. उंच, रुंद खांद्यांचा एक तरुण होता. स्वेटरच्या कोपरांवर दगडाची करडी धूळ. हसू आधी डोळ्यांत येऊन बसायचं आणि ओठांना मागाहून कळायचं, असा चेहरा.

"फक्त माझ्यावरच," नेस्टा म्हणाली.

"बरं झालं. माझे कपडे बाहेर वाळत आहेत."

बस्स, एवढंच बोलणं. पण घरी पोचेपर्यंत नेस्टा तीनदा एकटीच हसली, आणि तिसऱ्यांदा हसताना पोस्टमननं तिला पाहिलं.

नेस्टा गावच्या जलतरण तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. सकाळचा वर्ग संपला की ओल्या केसांनीच ती दुकानात यायची. तो तरुण होता ग्विलिम. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवून डोंगरावरच्या कुरणांच्या भिंती रचणं हा त्याचा धंदा. आज या शेतावर तर उद्या त्या. झोपायला एक जुनी चाकांवरची खोली. आपल्या नेल आत्याच्या हृदयाच्या गोळ्या न्यायला तेवढा तो खाली गावात उतरायचा.

आता गंमत बघा. आमच्याकडे गोळ्यांच्या खोक्यात गोळ्या असतात अठ्ठावीस. म्हणजे बरोबर चार आठवडे. त्यामुळे ज्याचा वार एकदा गुरुवार पडला, त्याचा गुरुवारच राहतो. महिने बदलतात, वार हलत नाही. नेस्टाचा गुरुवार होता आणि नेल आत्याचाही तोच. देवानं जोड्या जुळवायच्या किती तऱ्हा काढल्या असतील त्या असोत, या जोडीचं काम त्यानं गोळ्यांच्या खोक्यावर सोपवलं होतं.

दुसऱ्या गुरुवारी ग्विलिमनं दाराशीच तिच्या केसांकडे पाहिलं आणि खिडकीतून आकाशाकडे पाहिलं. तिसऱ्या वेळी तो छत्री घेऊन आला. म्हणाला, तुमच्यासाठी आहे, घरात गेल्यावर उघडा. असं चालायचं. तो तिला दगडांबद्दल सांगायचा, ती त्याला नाकात पाणी गेलं की आकांत मांडणाऱ्या पोरांबद्दल. काउंटरवरच्या ओल्वेनबाई एरवी डोळे मिटून हवी ती पिशवी काढून देतील अशा. पण या दोघांच्या पिशव्या शोधताना त्यांना भलताच उशीर व्हायचा. मागची माणसं कुरकुरली की त्या चष्म्यावरून एकदाच बघायच्या. मग कुणी कुरकुरत नसे.

फोन नंबर मागायला कितीसा वेळ लागतो? पण दोघांचीही जीभ तिथंच अडायची. ती 'तुम्ही' म्हणायची, तोही 'तुम्ही' म्हणायचा, आणि दोघं चार आठवडे वाट पाहायची. वाट पाहणं वाईट असतं असं म्हणतात... नेस्टाला ते वाईट वाटत नव्हतं. भांडी घासताना, मुलांचे हात धरून पाण्यात उभी असताना ती मनातल्या मनात पुढच्या गुरुवारची वाक्यं जुळवायची. प्रत्यक्षात त्यातलं एकही तोंडून बाहेर पडत नसे.

एक गोष्ट मात्र ती बोलायची टाळत होती. त्या पांढऱ्या, वरून पिन मारलेल्या पिशवीत काय असतं ते.

सहा वर्षं ती नैराश्यावरच्या गोळ्या घेत होती. रोज सकाळी एक, चहाबरोबर. त्या गोळ्यांनीच तिला अंथरुणातून उठवून पुन्हा पाण्यात उतरवलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं तो ह्यू जाताना एक वाक्य टाकून गेला होता. "गोळ्या बाजूला काढल्या तर खाली तू कोण उरतेस, ते मला एकदा बघायचं होतं." ह्यू गेला ते बरंच झालं. वाक्य मात्र राहिलं.

ऑक्टोबरातल्या गुरुवारी तिच्या पिशवीला एक हिरवी चिठ्ठी लावलेली होती: पुढच्या गोळ्या मिळण्याआधी औषधांचा आढावा करून घ्यावा. दरवर्षीचंच ते. पण ग्विलिमनं चिठ्ठी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"सगळं ठीक आहे ना?"

"थायरॉइड," नेस्टा पटकन म्हणाली. "उगाच आपलं. सगळ्यांनाच असतं."

खोटं बोलून झालं आणि तिचे कान गरम झाले. त्यानं विश्वास ठेवला, हे तर आणखीच वाईट. मग तो घसा खाकरून, ओल्वेनबाईंच्या मागच्या खोकल्याच्या औषधांकडे बघत म्हणाला, "नेल आत्या विचारते, गुरुवारी मी आरशासमोर एवढा वेळ काय करतो म्हणून... तिला बघायचंय तुम्हाला. रविवारी जेवायला याल? हा रविवार नको, घाई होईल. पुढचा गुरुवार झाला की येतो तो. तेव्हा सांगा, हो की नाही."

"चार आठवडे विचार करू?"

"मी सहा महिने केला," ग्विलिम म्हणाला आणि आत्याची पिशवी विसरूनच बाहेर पडला. ओल्वेनबाईंना त्याच्यामागे रस्त्यावर धावावं लागलं.

आढाव्याचा फोन आला तो दवाखान्यातल्या ओकोरोबाईंचा. औषधांचं सगळं त्याच बघायच्या. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कधी सगळं नकोसं वाटतं का, हे त्यांनी नेहमीसारखं शांतपणे विचारलं. मग म्हणाल्या, बरेच महिने तुम्ही छान आहात. वाटलं तर पुढं कधी डोस कमी करायचा विचार करता येईल. पण सावकाश, अगदी थोडा थोडा, आणि हिवाळा सरल्यावर. वाटलं नाही तर आहे तेही उत्तमच.

नेस्टानं त्यातलं नेमकं अर्धं ऐकलं. कमी करता येईल. म्हणजे सोडता येईल. म्हणजे नेल आत्याच्या टेबलाशी ती कसल्याही गोळ्या न घेणारी मुलगी म्हणून बसू शकेल, आणि थायरॉइडचं खोटं आपोआप विरून जाईल. प्रेमात पडलेलं माणूस हिशेब करतं तो असा. दुसऱ्याच दिवशी तिनं खोकं मोज्यांच्या खणात ढकललं आणि पुढच्या गोळ्यांची मागणी नोंदवलीच नाही.

पहिले दोन दिवस ती स्वतःवर खूश होती. मग मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. जमीन बोटीसारखी हलायची. रात्री चित्रविचित्र स्वप्नं, दिवसा विनाकारण रडू. एकदा ती तलावाच्या कडेला एका मुलीवर खेकसली, मग तिचीच माफी मागत बसली, आणि ती बिचारी मुलगी तिच्या पाठीवर थोपटत राहिली. नेस्टाला वाटलं, ही घ्या, ही खाली उरलेली मी. ह्यूला हीच बघायची होती.

गुरुवार उजाडला. तिला न्यायचं काहीच नव्हतं. तरी ती गेली, आणि समोरच्या बसथांब्यावर उभी राहिली. रस्त्यापलीकडे दुकानाच्या काचेतून रांग दिसत होती. ग्विलिम होता. स्वेटर नवा होता, दाढी केलेली. त्याचा नंबर आला तसा तो बाजूला झाला आणि मागच्या म्हातारीला त्यानं पुढे जाऊ दिलं. मग एका बाईला, मग पोस्टमनला. दार वाजलं की वळून बघायचा. पुन्हा एक जण पुढे, पुन्हा तो मागे.

पाच पावलांचा रस्ता होता. नेस्टाचं सगळं अंग त्या दाराकडे ओढ घेत होतं, पण पाय हलेनात. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं आणि डोकं गरगरत होतं. असं त्यानं मला बघू नये, एवढंच तिला कळत होतं. दुपारच्या सुट्टीसाठी ओल्वेनबाईंनी दारावरची पाटी फिरवली तेव्हा तो बाहेर आला. थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग डोंगराच्या वाटेला लागला.

तिथूनच तिनं ओकोरोबाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत, त्यामुळे तिला आणखीच रडू आलं. सहा वर्षांची सवय अशी एका रात्रीत सोडली की शरीर दंगा करतंच, त्या म्हणाल्या; झटके, चक्कर, हे सगळं त्यातूनच येतं. ही तुम्ही नव्हे. आजच पुन्हा पूर्वीसारखी सुरू करा, मी दोन आठवड्यांनी फोन करते, त्याआधी काही जास्त वाटलं तर तुम्ही करा. आणि कधी सोडायच्याच असतील तर आपण दोघी मिळून सोडू.

हळूहळू जमीन स्थिर झाली. पण एक नवीच पंचाईत झाली. मधल्या दिवसांच्या गोळ्या शिल्लक राहिल्या होत्या. हिशेब घसरला आणि नेस्टाचा वार झाला सोमवार. आता तिचा सोमवार आणि त्याचा गुरुवार जन्मात एकत्र येणार नव्हते. तो कुठल्या डोंगरावर, कुणाच्या कुरणात आहे, तिला माहीत नव्हतं. ओल्वेनबाईंना आत्याचा पत्ता माहीत होता, पण गिऱ्हाइकाचा पत्ता त्या देणार नाहीत, हेही गावाला माहीत होतं. डोंगराकडे बघितलं की कुठंतरी दूर एक करडी रेघ दिसायची, आणि ती त्यानंच रचलेली भिंत असेल असं तिला वाटायचं. तिनं किती भिंतींना जीव लावला, कोण जाणे.

पुढचा गुरुवार आला तो डिसेंबरच्या पावसात. नेस्टा दुकानात शिरली. ग्विलिम रांगेत शेवटी उभा होता, जुन्या स्वेटरमध्ये. त्यानं तिच्याकडे पाहून मान हलवली, जशी कुणाही ओळखीच्या माणसाला हलवावी तशी.

"बऱ्या आहात?" तो म्हणाला. "आत्यानं कोकराचं मटण केलं होतं त्या रविवारी. मी म्हटलं तिला... उत्तर मिळालं म्हणून."

"मी आले होते गुरुवारी," नेस्टा म्हणाली. "समोर बसथांब्यावर उभी होते. तुम्ही सगळ्यांना पुढे सोडत होता, ते बघत होते."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "मग आत का नाही आलात?"

तेवढ्यात ओल्वेनबाईंनी काउंटरवरून तिला पाहिलं. "नेस्टा, पोरी, तुझं आज काही नाही. तुझं सोमवारी नेलंस की."

"माहीत आहे."

"मग कशाला आलीस एवढ्या पावसात?"

"याला भेटायला."

रांगेतल्या चार माणसांनी खोकल्याच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचायला घेतली. नेस्टानं ग्विलिमकडे वळून, आवाज न चढवता पण न लपवताही सांगितलं. थायरॉइड नाही. डिप्रेशनच्या गोळ्या आहेत, सहा वर्षं. "तुझ्या आत्याकडे मला त्यांच्याशिवाय यायचं होतं, म्हणून एकदम बंद केल्या. फार वाईट गेले ते दिवस. आता परत घेते. कदाचित पुढं कमी होतील, कदाचित कधीच नाही. मला ठाऊक नाही... पण मी ही अशी आहे. हे ऐकून तुला जायचं असेल तर जा, फक्त खरं ऐकून जा."

रांग पुढे सरकली, ग्विलिम सरकला नाही.

"माझी आई," तो शेवटी म्हणाला, "आठ-आठ दिवस पडदे उघडायची नाही. मी शाळेतून आलो की आधी खिडकीकडे बघायचो. तिला कुणी गोळी दिली नाही, कुणी दर वर्षी फोन करून विचारलंही नाही, कशी आहेस म्हणून. तसंच गेलं तिचं आयुष्य." त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "खोटं नाही बोलत, आत्ता मला भीती वाटली. पण तू घेतेस म्हणून नाही. तू माझ्यासाठी थांबवल्यास म्हणून. असं पुन्हा कुणासाठी करू नकोस. माझ्यासाठी तर नाहीच."

नेस्टानं मान हलवली. त्यानं हात पुढे करून तिच्या कपाळावर आलेली ओली बट बोटानं मागे सारली. बोट दगडांनी खरखरीत झालेलं होतं आणि अतिशय हलकं.

"आज खरंच पाऊस आहे," ती कशीबशी म्हणाली.

"दिसतंय." तो डोळ्यांनी हसला, मग गंभीर झाला. "नेस्टा... पुढचा गुरुवार चार आठवड्यांनी आहे. माझ्याच्यानं आता तेवढं थांबवणार नाही. उद्या भेटशील?"

"उद्या? उद्या काय आहे?"

"काही नाही," ग्विलिम म्हणाला. "शुक्रवार आहे."