गंजांक

इंदुमती गायधनींनी उठल्या उठल्या डावा दंड खिडकीकडे वळवला. दंडावर चिकटवलेल्या पट्टीवर आकडा उमटला होता : सव्वीस. त्यांनी तो फोनवरच्या रुग्णांच्या गटात टाकला. मिनिटभरात तोडकरांचं उत्तर आलं, 'बाई, तुम्ही तर वर्गात पहिल्या!'

मिरजेतल्या एका मूत्रपिंड केंद्राने दोनशे बारा रुग्णांना ही पट्टी लावली होती. मूत्रपिंड थकलं की रक्तात नको ती द्रव्यं साचतात, ऑक्सिजनचे उनाड रेणू पेशींना झोंबू लागतात आणि लोखंड गंजावं तशा पेशी आतून झिजतात. पट्टी तो गंज मोजायची, म्हणून त्या आकड्याचं नाव गंजांक. त्याप्रमाणे ती क आणि ई जीवनसत्त्वांचे सूक्ष्म थेंब कातडीतून सोडायची. किती सोडायचे, हे पट्ट्या एकमेकींकडून शिकत. ज्याचा गंजांक सर्वांत कमी, त्याच्या रक्तासारखं बाकीच्यांचं रक्त करू पाहत.

सहा आठवडे आकडा तिसाखाली राहिला, तर डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडण्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलायची, असं इंदुमतींना सांगितलं होतं. पाच आठवडे झाले होते.

धाकटी जाऊ सरोज आवळ्याच्या रसाचा पेला घेऊन आली.

"डोळे मिटून घ्या, ताई. पट्टीचं अर्धं काम मीच करते, कौतुक मात्र तिचं."

"तिला मेलीला ते कळतंय कुठे?"

"मला कळतं ना!"

केंद्रात दर वेळी विचारत, 'बाहेरचं कुठलं औषध घेता का?' इंदुमती 'नाही' म्हणत, आणि त्यात त्यांना खोटं वाटत नसे. आवळा घरचा, त्याला औषध कोण म्हणतं? आहाराच्या कागदावर आवळ्यापुढे फुली होती, हे मात्र त्यांनी वाचलं होतं.

त्या दिवशी केंद्रात डॉ. नसरीन मुल्लांनी त्यांना आत बोलावून दार लोटलं. बाहेर बाकावर तोडकर बसले होते. पायांवर सूज इतकी, की चपलांचे पट्टे मोकळे सोडलेले.

"तोडकरांचा गंजांक अठ्ठावीस आहे," डॉक्टर म्हणाल्या, "आणि मूत्रपिंडाचं काम महिन्याभरात निम्म्यावर आलंय. असे सतरा जण आहेत. क जीवनसत्त्व जास्त झालं की शरीर त्याचं ऑक्झलेट करतं. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. तुमच्यासारख्यांच्या मूत्रपिंडात त्याच्या स्फटिकांच्या सुया साठतात. पट्टी गंज मोजते, सुया नाही."

"मग थेंब कमी करा की."

"कशाच्या आधारावर? पट्ट्यांनी सगळ्यांचे थेंब वाढवले ते तुमचं रक्त बघून. त्यात क जीवनसत्त्व भरपूर आणि गंजांक उत्तम. तुम्ही वरून काहीच घेत नसाल, तर पट्टी बरोबर आहे आणि मी दुसरीकडे कारण शोधायला हवं. इंदुमतीबाई, घरी काही घेता का?"

इंदुमतींनी डाव्या मनगटावरून उजवा हात फिरवला. फक्त एक आठवडा उरला होता.

"आवळ्याचा रस," त्या म्हणाल्या. "रोज पेलाभर. पाच आठवडे."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी संगणकावर सगळ्या पट्ट्यांचे थेंब थांबवले, इंदुमतींचं रक्त तपासणीला घेतलं आणि शस्त्रक्रियेची तारीख कायम ठेवली. साठलेल्या सुया विरघळतील का, या प्रश्नावर त्या एवढंच म्हणाल्या, "काहींच्या."

बाहेर येऊन इंदुमती तोडकरांशेजारी बसल्या. इतरांकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. तोडकर वाकून चपलेचा सुटलेला पट्टा चाचपू लागले.

"माझ्यामुळे असं होतंय, हे मला आजच कळलं हो," इंदुमती म्हणाल्या.

"ते खरं असेल, बाई." तोडकरांनी मान वर केली. "पण चार आठवड्यांपूर्वी कळलं असतं, तर तुम्ही तो पेला खाली ठेवला असता का?"