डबल क्लच

त्या दिवशी मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाले, आणि ताठ मानेने गाडीतून उतरताना दार नेमकं माझ्या पर्सच्या पट्ट्यावर लावलं. मी ओढत होते, गाडी सोडत नव्हती. तेवढ्यात कुणीतरी दार उघडून पट्टा सोडवून दिला आणि विचारलं,

"तुम्ही क्लच दोनदा का दाबलात?"

नापास झालेल्या बाईचं सांत्वन करणारे त्या मैदानावर पुष्कळ भेटतात. हा मात्र चौकशीला आला होता.

"पाय माझा आहे," मी म्हटलं.

"पाय तुमचा, पण सवय दुसऱ्याची. कुठल्या गाडीवर शिकलात?... नको, सांगू नका! खूप जुनी. दाते आपोआप न जुळणारी. गिअर बदलताना क्लच दाबून न्यूट्रलला यायचं, सोडायचा, परत दाबायचा, मग पुढचा गिअर. डबल क्लच!"

तिशीच्या आतला माणूस. नखांत काळं ग्रीस, आणि चेहरा असा उजळलेला, की लहानपणी हरवलेली बहीण सापडली असावी. ही उपमा पुढे आम्हा दोघांनाही फार गैरसोयीची ठरली.

निदान मात्र अचूक होतं. आमच्या घरची गाडी बाबांनी माझ्या जन्माआधी घेतलेली, म्हणून तिचं नाव थोरली. मी धाकटी. बाबांनी मला तिच्यावरच शिकवलं. परीक्षेची नवी गाडी क्लच एकदा दाबला की ऐकत होती, पण माझा पाय थोरलीच्या शिस्तीतला. साहेबांनी दोन्ही वेळा शेऱ्यात लिहिलं — 'उमेदवार गोंधळलेली.'

"तुम्ही गोंधळलेल्या नाही," तो म्हणाला. "तुम्ही... सुसंस्कृत आहात."

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं, गिअरबॉक्सच्या संदर्भात तर नाहीच.

तेवढ्यात त्याचा नंबर पुकारला. तो परीक्षेला बसला आणि सात मिनिटांत परत आला.

"काय झालं?"

"नापास. तिसऱ्यांदा."

त्याचा धंदा गिअरबॉक्स दुरुस्तीचा. रस्त्यावर गाडी गिऱ्हाईक चालवायचं आणि हा शेजारी बसून, मान खाली तिरकी करून, कुठला दाता कुरकुरतोय ते ऐकायचा. स्वतः चालवायला बसला तरी मान आपोआप तिरकी. साहेबांचा शेरा होता — 'उमेदवार रस्त्याऐवजी गिअरकडे बघतो.'

"बघत नाही हो, ऐकतो," तो कळवळून म्हणाला. "त्यांच्या गाडीचा तिसरा गिअर दुखतोय. सांगितलं तर चिडले."

मी हसले. मग मला रडू यायला लागलं, कारण माझ्याकडे फक्त तीन आठवडे होते.

थोरलीला स्थळ आलं होतं. परगावचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवायचे. तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारी सकाळी येऊन ते तिला नेणार होते. बाबांची नजर अधू झालेली. चष्म्याच्या दुकानात रोज शंभर डोळे तपासणारी मी, पण बाबांच्या डोळ्यांना लावायला माझ्याकडे भिंग नव्हतं. दोन वर्षं ते गाडीत नुसते जाऊन बसत, हॉर्न पुसत आणि घरात येत. "उभी राहून गंजण्यापेक्षा चांगल्या घरी पडलेली बरी," ते म्हणाले. मी म्हटलं, मला लायसन मिळालं तर? ते म्हणाले, "मग विषयच मिटला. पण आधी मिळव." पुढची परीक्षा त्या शनिवारच्या आदल्या दिवशी होती.

हे सगळं मी एका अनोळखी माणसाला मैदानाच्या कुंपणाशी उभं राहून सांगितलं. त्याने रुमाल काढला, त्यावरचं ग्रीस बघितलं आणि परत खिशात ठेवला.

"माझ्या वर्कशॉपमध्ये या," तो म्हणाला. "तुमच्या पायाला एकदाच दाबायला शिकवतो."

"आणि तुमची मान?"

"तिचं काही होणार नाही."

"डोळ्यांची माणसं आम्ही. बघू की."

त्याने टेबलावर एक उघडा गिअरबॉक्स बसवला, खाली पेडल जोडले, समोर खुर्ची ठेवली. संध्याकाळी दुकान बंद करून मी तिथे जायची आणि जागच्या जागी मैलोन् मैल गाडी चालवायची. तेलाचा वास, पिवळा दिवा, आणि चकचकीत दाते एकमेकांत शिरताना होणारा तो हलका 'टक्'...

"एकदाच," तो म्हणायचा. "विश्वास ठेवा. पलीकडचा जुळवून घेतो."

"सगळेच घेतात असं नाही."

"नव्या गिअरबॉक्सबद्दल बोलतोय मी."

"मीही," मी म्हणायची, आणि पाय चुकायचा.

रविवारी पाळी बदलायची. मी त्याला दुकानातल्या तपासणीच्या खुर्चीत बसवायची, समोर अक्षरांचा फळा. मी तोंडाने दुसऱ्या गिअरची घरघर काढायची आणि त्याने मान न वळवता शेवटची ओळ वाचायची.

"हा... दुसरा नाही वाटत. रिव्हर्स आहे."

"वाचा!"

"क, म, ल... तुम्ही घरघर फार गोड काढता हो."

"समोर बघा. माझ्याकडे नाही, फळ्याकडे!"

मान सरळ झाली, हे मी प्रामाणिकपणे सांगते. नजरेची जबाबदारी मी घेतली नव्हती.

शुक्रवारी माझा नंबर आधी. चढावर गाडी थांबवली, पुन्हा काढली. पहिला, दुसरा, तिसरा... प्रत्येक वेळी पाय दुसऱ्यांदा दाबायला निघायचा आणि मी त्याला मनात म्हणायची — राहू दे रे, पलीकडचा जुळवून घेतो. साहेबांनी चिठ्ठी लिहिली. पास. मी त्यांचे इतक्यांदा आभार मानले, की ते खिडकीची काच वर करायला लागले.

मग तो निघाला. मी फाटकाशी उभी. मान सरळ! काटकोनात सरळ! माझ्यासमोरून अगदी हळू, ऐटीत गेला... आणि पुढच्या वळणावर वळलाच नाही. सरळ कुंपणाच्या झुडपात.

तो चिठ्ठी घेऊन आला. 'उमेदवार रस्ता सोडून फाटकाकडे बघतो.'

"फाटकाशी काय होतं?" मी विचारलं.

"फाटक," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

शनिवारी ते परगावचे गृहस्थ आले. बाबांनी माझी चिठ्ठी डोळ्यांना जवळजवळ चिकटवून त्यांना वाचून दाखवली आणि म्हणाले, "माफ करा, आमची मुलगी घरातच राहणार आहे." गृहस्थ मोठे समजूतदार, थोरलीच्या बॉनेटवर हात फिरवून, चहा पिऊन गेले. जाताना त्यांनी मला तेल कुठलं घालता ते विचारलं. माझ्या आयुष्यात इतक्या सभ्यपणे मोडलेलं स्थळ दुसरं नाही.

दुपारी आम्ही थोरलीला बाहेर काढलं. शेजारी बाबा, मागे तो. रस्ता ओलसर, काचा खाली. दोन वर्षांनी बाबांच्या तोंडावर वारा लागत होता. ते प्रत्येक दुकान वासावरून ओळखत होते. "बेकरी... आता रंगाचं दुकान... हळू, शाळा आली." मला समोरचं दिसेना, म्हणून मी हाताच्या पाठीने डोळे पुसले.

चौकात सिग्नल लागला. मागची सीट करकरली. तो पुढे वाकला होता.

"मी आता परीक्षा देणार नाही," तो हळूच म्हणाला.

"का? पाचव्यांदा होईल की."

"नको. तू चालव..." तीन आठवड्यांत पहिल्यांदाच 'तू'. "मी शेजारी बसून ऐकत जाईन. रोज. चालेल?"

मी आरशात बघितलं. मान सरळ होती.

बाबा समोरच बघत म्हणाले, "मला दिसत नाही म्हणून सांगतो, ऐकू उत्तम येतं. आणि शेजारची सीट सध्या माझी आहे. पण मी मागे बसेन."

मी 'हो' म्हटलं. ते जरा जोरात आलं असावं, कारण दोन्ही पाय पेडलवरून उठले, आणि थोरली आचका देऊन चौकाच्या ऐन तोंडाशी बंद पडली. सिग्नल कधीच हिरवा झाला होता. मागच्या वीस-पंचवीस गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले. एवढ्या लोकांनी इतक्या मनापासून आमचं अभिनंदन त्यानंतर कधी केलं नाही. त्यांचे आभार मानायचे तेवढे राहून गेले.