उपाशीपोटीचं रक्त

रिपोर्ट आला त्याच दिवशी गिरीशची नोकरी गेली. संध्याकाळी तो आनंद नगरात, खाजगी तपासनीस अरविंद पांढरीपांडे यांच्या दारात उभा होता.

“ट्यूब मी बदलली म्हणतात, काका.”

गिरीश एका मानसोपचार संस्थेत रक्त घेई. तिथे डॉ. मंजूषा एका अभ्यासासाठी औषध सुरू न झालेले स्किझोफ्रेनियाचे रुग्ण तपासत. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवणारी एक गोळी द्यायची आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन किती चढतं ते बघायचं. नेहरू नगरच्या सौरभचं प्रोलॅक्टिन गोळीआधीच चढलेलं निघालं.

“या आजाराची औषधं घेणाऱ्यांचं असं चढतं,” संस्थेत भेटायला आलेल्या अरविंदांना डॉ. मंजूषा म्हणाल्या. “सौरभला औषध नाही. मायलेकांना समोर बसवून विचारलंय मी.”

“बाकीच्या ट्यूब?”

“सगळ्या नॉर्मल. त्या दिवशी आमचेच रुग्ण होते. औषध कुणालाच नाही.”

बाहेर येताच अरविंदांचा मित्र समीर म्हणाला, “म्हणजे गिरीशच.”

“पोहे खाऊन बोलू.”

पोहे नेहरू नगरात सौरभच्या आईने, सुनंदाबाईंनी दिले. “सौरभ माझ्या हातचं खात नाही. म्हणतो, आई विष घालते. स्वतः फोडलेली बिस्किटं तेवढी खातो. पण हल्ली झोपतो. देवाची कृपा.”

“तपासणीला उपाशी नेलं होतं?”

“पाणीसुद्धा नाही. तीर्थ तेवढं. त्यानं उपास मोडत नाही.”

त्यांनी पाहुण्यांना पंचपात्रातलं तीर्थ दिलं. सौरभ आंघोळ करून आला. त्याला मात्र देव्हाऱ्यामागच्या लहान वाटीतलं मिळालं. ते पिऊन तो समीरला हळूच म्हणाला, “काका, पोहे खाऊ नका.”

समीरने बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी अरविंद, समीर आणि सुनंदाबाई डॉ. मंजूषांच्या खोलीत जमले. सौरभ बाहेर बसला होता.

“ट्यूब बदलली असती,” अरविंद म्हणाले, “तर चढलेल्या प्रोलॅक्टिनचं रक्त दुसऱ्या कुणाचं तरी असायला हवं. पण औषध घेणारं तिथे कुणीच नव्हतं. म्हणजे रक्त सौरभचंच. तो घरचं काही खात नाही, तीर्थ मात्र घेतो. त्याची वाटी वेगळी. आणि हल्ली त्याला झोप लागते.”

सुनंदाबाईंनी पदर सावरला. “नागपूरच्या डॉक्टरांनी याच आजाराचे थेंब दिलेत. चव लागत नाही त्यांची.”

“मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?”

“त्याच्यासमोर विचारलंत, मॅडम.”

डॉ. मंजूषांनी स्वतः गिरीशला फोन लावला.

गिरीश कामावर परत आला. सौरभचं नाव अभ्यासातून निघालं. थेंब आता डॉ. मंजूषांच्या देखरेखीखाली चालू आहेत. परवा त्याने आईच्या हातचा चहा घेतला.

वाटीत काय असतं, ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.