खालून धरा, मास्तर!

“अहो, खालून धरा! खालून!”

मी सायकल टाकली आणि धावले. अंबाझरी तलावाच्या बांधावर एक उंच तरुण कॅमेरा घेऊन उभा होता, आणि कॅमेऱ्याची हातभर लांब लेन्स झोके खात होती. मी खालून हात लावला... आणि माझी बोटं त्याच्या बोटांवर पडली. त्यानं हात काढला नाही. मीही नाही.

“तुम्ही कोण?” त्यानं विचारलं.

“चारुशीला. सीताबर्डीवरच्या चंपतराव फोटोवाल्यांची मुलगी. अन् तुम्ही एवढी महागाची लेन्स काहून पाडून राहिले?”

तो हसला. कृष्णकांत, भिवापूरचा, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा. त्याला कवड्या खंड्याचा फोटो हवा होता. हा काळापांढरा पक्षी पाण्यावर एकाच जागी फडफडत थांबतो आणि दगडासारखा खाली सुटतो. लेन्स कॉलेजची, रविवारपर्यंतच मिळालेली. दोन रोल संपले होते, सगळे फोटो धूसर.

मग रोज सकाळी मी तिथे जाऊ लागले. बाबांनी लहानपणापासून शिकवलेलं सगळं त्याला सांगू लागले.

“डावा हात लेन्सच्या खाली. कोपर बरगडीला चिकटवा. लेन्सवरची फोकसची कडी हळू फिरवा... स्पष्ट दिसलं की जरा पुढे जा, मग परत या.”

“अन् श्वास?”

“रोखायचा.”

“तुम्ही जवळ असल्या की तो आपोआपच रुकते.”

माझे कान तापले. एकदा त्यानं लेन्स माझ्याकडेच वळवली. “काहीच दिसून नाही राहिलं!”

“पंधरा फुटांच्या आतलं ह्या लेन्सला दिसत नाही, मास्तर.”

त्यानं कॅमेरा खाली घेतला. “मले दिसते ना.”

रविवार उजाडला. शेवटचा रोल, शेवटचे दोन फोटो. खंड्या आला. पाण्यावर थांबला, पंख नुसते थरथरत होते.

“डोळ्यावर फोकस धरा,” मी कुजबुजले. “थांबा... थांबा... आता!”

खट्! त्याच क्षणी पक्षी खाली सुटला. कृष्णकांत ओरडला, “मिळाला! डोळासुद्धा साफ दिसला!” मी उडीच मारली, त्याचे दोन्ही हात धरले... आणि आठवलं तसे सोडले.

“मी निघते. दहा वाजता पाहुणे येऊन राहिले.”

“कोणते पाहुणे?”

“मले पाहायले.”

त्याचा चेहरा उतरला. “अन् हे आता सांगता?”

“तुम्ही तरी कुठं काही सांगितलं?”

त्यानं लेन्स भराभर पेटीत ठेवली, माझी सायकल उचलली. “बसा मागे.”

“कुठं?”

“तुमच्या घरी!”

तो असा दामटत होता की मला त्याचा शर्ट घट्ट धरावा लागला. धरायला बहाणा मिळाला, ते बरंच झालं.

बाबा कडक इस्त्रीचं जाकीट घालून दारात उभे. कृष्णकांत चिखलाच्या बुटांनीच पुढे झाला, धापा टाकत.

“काका, मी कृष्णकांत. कॉलेजात शिकवतो, घरी आई अन् मिरचीची शेती आहे. मले चारुशीलाशी लग्न करायचं आहे.” मग माझ्याकडे वळून, अगदी हळू— “तू हो म्हणशील तर.”

पहिल्यांदाच तू म्हणाला. मी मान हलवली... एकदा नाही, तीनदा.

बाबांनी त्याला नीट न्याहाळलं, मग मला. भिंतीवरच्या घड्याळाकडेही एकदा पाहिलं.

“पावणेदहा झाले, वं पोरी. त्या पाहुण्यांले आता काय सांगू?”

“सांगा,” मी म्हणाले, “मुलीनंच मुलगा पाहिला, अन् पसंत केला!”