भाकड आणि दुभत्या

भैरूचं डोकं सकाळी नऊ वाजता प्रयोगशाळेत आलं, बर्फ भरलेल्या निळ्या पिंपातून.

भैरू हा गवळी गल्लीतला साडेसातशे किलोचा रेडा. तीन दिवसांपूर्वी त्याने एका रिक्षावाल्याला भिंतीशी दाबून शिंगावर घेतलं. रिक्षावाला जागीच गेला. तेव्हापासून भैरूला गोठ्यात साखळदंडाने बांधून ठेवलं होतं. आज उजाडताच गल्लीतली तीस-चाळीस माणसं आत शिरली आणि लोखंडी कांबींनी त्यांनी त्याला तिथेच ठार केलं.

डॉ. कुमुदिनी हुपरीकरांनी हातमोजे चढवले. त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. जिल्ह्यातल्या गोठ्यांमध्ये पशुवैद्य म्हणून त्यांचा जन्म गेला होता आणि निवृत्तीनंतर त्या या चाराविष प्रयोगशाळेत सल्लागार म्हणून येत. समोर डॉ. रणधीर इंगवले उभा होता. तो एकेकाळी त्यांचा विद्यार्थी होता. आज सगळ्या राज्यात पिकणारा ‘निर्मळ’ मका ही त्याचीच निर्मिती.

“चव्वेचाळीस घाव,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “तिसऱ्यालाच मेला.”

“कशावरून?”

“जिवंत जनावराला मार लागला की त्या जागी रक्त साकळतं. पहिल्या तीन जागी साकळलंय. बाकीचे एकेचाळीस कोरडे आहेत. मेलेल्याला मारत राहिलीत माणसं, रणधीर. अर्धा तास तरी.”

“रिक्षावाला गल्लीतलाच होता, मॅडम. राग असणारच.”

“त्या गल्लीला मी साठ वर्षं ओळखते. तिथे म्हैस गेली तर घरात चूल पेटत नाही.”

त्यांनी आकडा वहीत लिहिला. अक्षर वाकडं आलं. हल्ली हात कापायचा. वय झालं, असं म्हणून त्यांनी वही मिटली.

“मेंदूत सूज नाही, जंतू नाही, पिसाळलेपणही नाही,” रणधीर म्हणाला. “उरतं ते विष. पण चाऱ्याची चाचणी शून्य आहे. गेली चार वर्षं शून्यच आहे.”

“कसली चाचणी?”

“अफ्लाटॉक्सिनची, बुरशीच्या विषाची. दुसरी कसली करणार?”

“तुझा मका बुरशीला मारतो का?”

“नाही. मारलं तर बुरशी आठ-दहा वर्षांत त्याला सरावते. म्हणून मी तिला जगू देतो. मक्याच्या पेशीत मौनरेणू तयार होतात. बुरशी दाणा खाते तेव्हा ते तिच्या पोटात जातात आणि अफ्लाटॉक्सिन बनवण्याचा जो आदेश तिच्या आत असतो, नेमका तोच बंद पाडतात. बुरशी वाढते, पण विष बनवत नाही.”

“आणि विषासाठी जमवलेला कच्चा माल? त्याचं ती काय करते?”

रणधीर हसला. “हे तुम्ही मला तोंडी परीक्षेतसुद्धा विचारलं होतं.”

“तेव्हाही तू हसलाच होतास.”

कुमुदिनीबाईंना आजोळची माडी आठवली. मक्याची कणसं सोलून, त्यांच्या पानांच्या वेण्या घालून चुलीच्या धुरावर आढ्याला टांगलेली असत. मामी एक दाणा दाताखाली फोडायची, जिभेवर धरायची आणि मग सांगायची, हे ठेवा, ते टाका. आता प्रत्येक गोठ्यात खिशात मावणारा विषमापक होता. त्यावर हिरवं शून्य उमटलं की दाणा वाळला काय आणि ओला राहिला काय, कुणी बघत नसे.

“गोठ्यावरून त्याच्या यकृताचे तुकडे मागव,” त्या म्हणाल्या. “आणि अफ्लाटॉक्सिन सोडून बाकी सगळं शोध.”

दुपारी एक वाजता त्या रणधीरला घेऊन गवळी गल्लीत पोचल्या. प्राणिनियंत्रण पथकाची गाडी आधीच उभी होती. भैरूनंतर तीन भाकड म्हशी उधळल्या होत्या. एकीने पाणक्याचा पाय मोडला होता, दुसरीने गोठ्याचं फाटक. पथकाला फक्त एक सही हवी होती. कोणती जनावरं मारायची, ते कुमुदिनीबाईंनी ठरवायचं होतं.

भैरूचा गोठा गौराक्का गवळ्यांचा. पन्नाशीच्या विधवा गौराक्का दारातच पेला घेऊन आल्या.

“आदी दूद घ्या बाई. मग काय ती सई करा.”

कुमुदिनीबाईंनी पेला तोंडाला लावला. खास त्यांच्यासाठी नुकतंच काढलेलं, कोमट, फेसाळ दूध. वडिलांचं बोट धरून त्या सातव्या वर्षी पहिल्यांदा इथल्या दूधकट्ट्यावर आल्या होत्या. तालमीतले पैलवान त्यांना वाट करून द्यायचे. तेव्हापासून रोज सकाळी एक पेला. न तापवलेलं, डोळ्यांदेखत पिळलेलं. कट्ट्यावर तापवलेलं दूध मागणारा माणूस चेष्टेचा विषय व्हायचा.

“सायेब, तुमी?”

“मला दूध सोसत नाही,” रणधीर म्हणाला. “कोरा चहा असला तर द्या.”

“अरं देवा! मक्याचा डागदर आन् पोट कोंबडीचं!” गौराक्का हसल्या. “मी बी पीत न्हाई म्हना. गिऱ्हाइकाचं दूद गवळ्यानं उष्टं करायचं न्हाई. आमच्या सासूची सक्त ताकीद हुती.”

मुरघासाचा खड्डा मागच्या अंगणात होता. हिरवा मका चिरून, दाबून, हवाबंद करून मुरवलेला चारा. पण वरचा कागद फाटला होता, त्यावर ठेवायची दगडं एका कोपऱ्यात पडून होती आणि चाऱ्यावर हिरवट पिवळी बुरशी तळहाताएवढी जाड चढली होती.

“गौराक्का! हे घातलंत जनावरांना?”

“मीटर शून्य दावतोय की वो! शून्य म्हंजे निर्मळ, आसं तुमच्याच मानसांनी शिकवलंय.” त्यांचा आवाज उतरला. “तीन दीस झालं, बंद केलाय. सुकी वैरन घालतोय.”

गोठ्याच्या डाव्या हाताला बारा दुभत्या म्हशी शांत रवंथ करत उभ्या होत्या. उजव्या हाताला सात भाकड म्हशी आणि दोन तरणे रेडे साखळदंड ओढत होते. त्यांच्या मानेचे स्नायू थरथरत होते, डोळे रक्ताळले होते. एका रेड्याने खांबावर डोकं आपटून स्वतःचं शिंग मुळापासून उखडलं होतं.

“सगळ्यांना चारा एकच?” रणधीरने विचारलं.

“येकच पाटी, येकच खड्डा.”

“मग दुभत्यांना काही कसं नाही?”

“त्यास्नी पचत आसंल. व्याल्याली म्हस धडधाकटच आसती.” गौराक्कांनी कुमुदिनीबाईंचा हात धरला. “बाई, आट दीस द्या. लोकं भाकड म्हशी इकत्यात. मी येक बी इकली न्हाई. ती चंद्रा बगा. तुमीच वढून काडलीया तिला तिच्या आयच्या पोटातनं.”

एकोणीस वर्षांपूर्वी. चंद्रा आडवी आली होती. खांद्यापर्यंत हात घालून कुमुदिनीबाईंनी तिला वळवलं होतं आणि मग दोघी त्याच गवतावर बसून हसल्या होत्या, रडल्याही होत्या. कुमुदिनीबाईंना हे सगळं आठवलं, अगदी गवताच्या वासासकट. पण त्या आठवणीने मनात जे हलायला हवं होतं ते काही हललं नाही. हाताला मात्र सही करायची घाई झाली होती.

“आठ दिवस देता येतील, मॅडम,” रणधीर हळूच म्हणाला. “विष असेल तर यकृत ते हळूहळू फोडेल.”

“नको,” त्या म्हणाल्या. “भाकड आणि रेडे मारा. दुभत्या सोडा. दुधाचं काय?”

“दुधात अफ्लाटॉक्सिन शून्य.”

“मग दूध चालू राहू दे.”

रणधीर रेड्यांच्या रक्ताच्या नळ्या घेऊन प्रयोगशाळेत परतला. फाटकाला ताडपत्री बांधण्यात आली. गौराक्का घरात जाऊन उशी कानांवर दाबून पडल्या. पथकाच्या जमादाराने दोन्ही रेडे पाडले. पहिल्या म्हशीला मारताना त्याचा नेम चुकला आणि गोळी तिच्या जबड्यात बसली. ती पुढच्या गुडघ्यांवर कोसळली आणि ओरडत राहिली. जमादार भिंतीला टेकला.

“माझ्याच्यानं होत नाही, बाई.”

कुमुदिनीबाईंनी त्याच्या हातातून बंदूक घेतली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पिसाळलेल्या गाईला इंजेक्शन द्यावं लागलं होतं, तेव्हा पंधरा दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आज त्यांनी जबडा फुटलेल्या म्हशीच्या कपाळावर नळी टेकली आणि चाप ओढला. मग पुढची. मग तिच्या पुढची. रक्त गटारीला लागलं, चपला निसरड्या झाल्या. चंद्रा शेवटची होती. ती थरथरत होती, पण “चंद्रे” म्हटल्यावर तिने मान खाली घातली आणि खाजवून घेण्यासाठी कपाळ पुढे केलं.

कुमुदिनीबाईंनी गोळी घातली.

बंदूक परत देताना त्यांच्या मनात एकच गोष्ट आली. संपल्या, आणखी असत्या तर बरं झालं असतं.

प्रयोगशाळेत रणधीर पडद्यासमोर बसला होता. साडेपाच वाजले होते. टेबलावर भैरूच्या कवटीशेजारी हाडं फोडायची हातोडी आणि छिन्नी तशीच पडली होती.

“सापडलं,” तो म्हणाला. “कंपविष. ही बुरशी ते पूर्वीपासून बनवते, पण नखाएवढं. मेंदूतला आवर घालणारा भागच ते सैल करतं. भीती जाते, राग राहतो. माझ्या मौनरेणूने अफ्लाटॉक्सिनची वाट अडवली आणि सगळा कच्चा माल या वाटेने गेला. तुमचा प्रश्न बरोबर होता.”

“किती आहे?”

“भैरूच्या यकृतात नऊशे. दोन्ही रेड्यांत तेवढंच. पण गंमत बघा. दुभत्यांचं रक्त मी कालच मागवून घेतलं होतं. त्यात जेमतेम दहा. दुभत्या हे विष पचवतात, मॅडम! त्यांच्यात ते फोडणारा काहीतरी पाचकरस असणार. तो सापडला तर…”

“हे विष पाण्यात विरघळतं की स्निग्धात?”

“स्निग्धात.”

“आणि म्हशीच्या अंगातून रोज सगळ्यात जास्त स्निग्ध कशातून बाहेर पडतं?”

“दुधातून,” रणधीर म्हणाला.

“त्या पचवत नाहीत,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “पिळून बाहेर टाकतात, दोन वेळा. भाकडांना तशी वाटच नव्हती, म्हणून त्यांच्या अंगात ते साठलं. शांत दिसल्या त्याच विष वाटत होत्या. तापवल्यावर टिकतं का ते?”

त्याने कागद चाळले. “नाही. उकळीला तुटतं.”

“म्हणजे शहर वाचलं. उरले ते कच्चं दूध पिणारे.”

दोघांचीही नजर एकाच वेळी भैरूच्या कवटीकडे गेली. चव्वेचाळीस घाव. पहाटे कट्ट्यावर पेला रिकामा करून उठलेली तीस-चाळीस माणसं.

“मॅडम,” रणधीर घाईने म्हणाला, “ही गोष्ट दोन महिने तरी बाहेर जायला नको. मी हीसुद्धा वाट बंद करतो. दुसरा मौनरेणू घालायचा, बस्स…”

“मग बुरशी तिसरी वाट काढेल!”

हातोडी त्यांच्या हातात कधी आली ते त्यांना कळलं नाही. रणधीर खुर्चीसकट मागे सरकला. त्याच्या डाव्या कानशिलामागे कुठे मारलं तर एका घावात काम होईल, ती जागा त्यांना स्पष्ट दिसत होती. एकेचाळीस घाव जास्त घालायची गरज नव्हती. पण घातले तर बरं वाटेल, असंही वाटत होतं.

साठ वर्षं. रोज एक पेला. हा राग आपला की दुधाचा, हे शोधायला त्यांच्याकडे आता कुठलंही उपकरण नव्हतं.

“रणधीर,” त्या दातांवर दात दाबून म्हणाल्या, “तू दूध पीत नाहीस. तू बाहेर जा. ही हातोडी ने. बाहेरून कडी लाव आणि मी काहीही म्हटलं तरी काढू नकोस. मग थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जा आणि सगळं सांग. सगळं!”

त्याने हातोडी घेतली. बाहेरून कडी लागल्याचा आवाज झाला, मग जिन्यावर पळणारी पावलं. खाली त्याची गाडी सुरू झाली आणि दूर गेली.

कुमुदिनीबाईंनी फोन लावला.

“गौराक्का, संध्याकाळचं दूध कुणाला देऊ नका. म्हशी पिळा आणि ओतून टाका.”

“आता कसं वो बाई?” पलीकडे गलका होता. “समदी गल्ली सांत्वनाला आलीया. म्हशींचं कळलं तसं बापडे कट्ट्यावरनं हिकडंच आले. आल्या मानसाला पेला देऊ न्हाई तर काय देऊ? मोठ्यानं बोला, फोन स्पीकरवर टाकलाय, हात दुदाचं हायत.”

“दुधात विष आहे. सगळ्यांना घरी पाठवा.”

“बाई, येक इचारू? जमादार म्हनतोय त्येनं चंद्राला मारलं न्हाई. मग कुनी मारलं?”

पलीकडचा गलका थांबला. पेले खाली ठेवल्याचे आवाज आले.

खोटं बोलायला थोडी तरी भीती असावी लागते. कुमुदिनीबाईंना ती शोधूनही सापडली नाही.

“मी,” त्या म्हणाल्या.

मग एकदम खूप माणसांचा आवाज उठला, आणि त्यात गौराक्कांचा आक्रोश. “आरं थांबा! माजी म्हस हुती, मी बगून घेतो! कांबी खाली टाका! आरं बाई हाय ती, म्हातारी हाय…” फोन पडला.

गवळी गल्लीपासून प्रयोगशाळा चालत सात मिनिटांवर होती. कडी बाहेरून होती. काढायला कुणालाही कुलूप फोडावं लागणार नव्हतं.

कुमुदिनीबाईंनी वही उघडली आणि कापऱ्या हाताने लिहिलं: ‘सायंकाळी पाच पन्नास. कच्चं दूध, रोज एक पेला. स्नायूंना कंप. मन स्वच्छ. धोका समोर असूनही भीती अजिबात नाही.’

त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि शास्त्राला धरून एक ओळ वाढवली: ‘उलट, उत्सुकता.’

मग टेबलावरची छिन्नी उचलून त्या दाराकडे तोंड करून बसल्या आणि जिन्यावरच्या पहिल्या पावलाची वाट पाहू लागल्या.