वळलेल्या प्रवाहाच्या मागावर

चामडी पाठीची ती अवाढव्य कासवं गेली दोन वर्षं किनाऱ्याकडे फिरकलीच नव्हती. "संपली ती," असं जो तो म्हणत होता. समुद्री प्राण्यांचा अभ्यास करणारी धाकटी मात्र हट्टाला पेटली होती. गार पाण्याचा प्रवाह पश्चिमेला सरकलाय, त्याच्यासोबत जेलीफिश गेले आणि त्यांच्यावर जगणारी कासवंही मागोमाग गेली, असा तिचा कयास. एका तरी कासवाच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवायचा, म्हणजे त्यांची नवी वाट कळेल आणि मासेमारीची जाळी तिथून दूर ठेवता येतील! त्यासाठी तिने बोट चालवणारी ताई आणि इंजिन सांभाळणारे भावोजी, दोघांनाही कामाला जुंपलं होतं.

भर समुद्रात निळं पाणी अचानक हिरवट झालं. धाकटीने थर्मामीटर वर ओढला आणि किंचाळलीच, "चार अंशांनी उतरलं! ताई, हाच तो प्रवाह!"

पाण्यात जेलीफिशचा नुसता खच पडला होता. ती आनंदाने नाचणार, तोच इंजिन धापा टाकत बंद पडलं.

"तुझे हे लाडके जेलीफिश पाणी खेचणाऱ्या जाळीत अडकलेत!" भावोजी खालून ओरडले. "इंजिनला गार पाणीच मिळत नाहीये!"

प्रवाह बोटीला पलीकडे पाण्याबाहेर डोकावणाऱ्या खडकांकडे ओढू लागला. ताईने नांगर टाकला. तळच लागेना!

धाकटीने कमरेला दोर बांधला आणि उडी घेतली. बोटीच्या पोटाखाली जाऊन ती मुठी भरभरून बुळबुळीत गोळे उपसू लागली. हातांची आग आग झाली. श्वास संपला. वर आली. पुन्हा खाली! अखेर जाळी मोकळी झाली.

भावोजींनी तिला वर ओढलं, इंजिन धडधडलं आणि अगदी हाताशी एक भलंमोठं काळं डोकं पाण्याबाहेर आलं. कासव! त्याच्यामागे दुसरं, तिसरं... अख्खा कळपच!

तिने ट्रान्समीटर उचलला.

"किती वेळ लागेल?" ताईचा आवाज चिरका झाला होता. खडकांवर फुटणाऱ्या लाटांचे तुषार आता तोंडावर येत होते.

धाकटीने कासवाकडे पाहिलं. मग ताईकडे.

"वळव, ताई! वळव!"

बोट कलली, खडकाला घासली आणि निसटली! मोकळ्या पाण्यात येईपर्यंत भावोजी मोबाइलवर कासवं टिपत होते. ठिकाणाची नोंद जीपीएसवर झालीच होती.

सुजलेल्या हातांत धाकटीला चहाचा कप धरवेना. ताईनेच तो तिच्या ओठांना लावला.

"परत जायचं ना गं त्यांच्याकडे?"

"आधी घोट घे!" ताई गुरकावली. पण बोटीचं तोंड तिने अजून घराकडे वळवलं नव्हतं.